पट्टी का अडकते? यूएसबीच्या मंद वेगाचा आढावा

मे महिन्यातली लग्नाची तिथी होती. मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटला लग्नाचे व्हिडिओ करणारा एक तरुण मित्र आहे. त्याने रात्री फोन केला, "दादा, नवा एसएसडी घेतलाय तरी कॉपीची पट्टी हलत नाही. सकाळी कार्डं रिकामी हवीत." मी गेलो. टेबलाखाली कॅबिनेट होतं आणि त्याच्या पुढच्या तोंडाला ड्राइव्ह लावलेला होता. कार्डांवरून उतरवलेलं १८० जीबी फुटेज संगणकाच्या आतल्या हार्डडिस्कवरून त्या ड्राइव्हवर चाललं होतं. कॉपीच्या खिडकीतला आलेख उघडला, तर रेघ आखल्यासारखी सरळ दिसली. सेकंदाला ३५ मेगाबाइट, कधी ३६. वर जात नव्हती आणि खालीही येत नव्हती.

ती सरळ रेघ पाहूनच बिघाड कुठे असणार हे कळलं. ड्राइव्ह काढून कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टला लावला आणि आकडा १२५ वर गेला. दीड तासाचं काम पंचवीस मिनिटांत आटोपलं. ड्राइव्ह, केबल आणि संगणक तेच होते, बदललं ते फक्त भोक.

यूएसबीवरून डेटा हळू जातो ही तक्रार आज जवळपास प्रत्येक घरात आणि दुकानात ऐकू येते. तिच्यावर सांगितले जाणारे उपायही ठरलेले आहेत : फॉरमॅट मारा, ड्रायव्हर टाका, नवा पेनड्राइव्ह घ्या. हे उपाय कधी लागू पडतात, कधी वाया जातात आणि कधी थेट नुकसान करतात. म्हणून या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एका जागी मांडाव्यात असं वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की मंदपणा हे लक्षण आहे आणि ते वाचता येतं. किती वेग मिळतो आणि तो वेळेनुसार कसा बदलतो, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर बहुतेक वेळा दोषी सापडतो.

मुळशीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

आमच्या तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क आणि लवळ्याची विद्यापीठं आहेत, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटाकडची पावसात बुडालेली गावं. पहिल्या टोकाला डेटा क्लाउडवर ठेवायची सवय झाली आहे. दुसऱ्या टोकाला मोबाइलचं नेटवर्कही डोंगराच्या कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं. लग्नाचं फुटेज, ड्रोनने केलेलं जमिनीचं चित्रण, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ हे सगळं आजही हार्डडिस्कमध्ये भरून पौड रस्त्याने पुण्याला जातं.

यामागे साधं गणित आहे. अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल तर ५०० जीबी चढवायला अखंड ५५ तास लागतात. तेवढाच डेटा सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने डिस्कवर घ्यायला ८३ मिनिटं पुरतात. पण ती डिस्क चुकीच्या पोर्टला लागली आणि वेग ३५ वर आला, की त्याच कामाला चार तास जातात. वीज मध्येच गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आकडा आणि एकक

पहिला गोंधळ एककाचा असतो. खोक्यावर वेग बिटमध्ये छापतात आणि कॉपीच्या खिडकीत तो बाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ४८० मेगाबिटची यूएसबी २.० कागदावरही ६० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. देवघेवीचा हिशेब वजा केला की प्रत्यक्षात हाती ३० ते ४० उरतात. पिरंगुटची सरळ रेघ हीच होती; पुढचा पोर्ट २.० चा होता आणि मागचा निळा ३.० चा.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली आणि तिचा कमाल वेग १२ मेगाबिट होता. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्या चमूतलं ठळक नाव अजय भट्ट यांचं. ते बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्या काळी प्रिंटरची तार वेगळी, माउसची वेगळी आणि मोडेमची वेगळी असे. या सगळ्यांना एकच भोक द्यायचं, हा त्या कामाचा हेतू होता. २००० साली २.० आली. नोव्हेंबर २००८ मध्ये ३.० जाहीर झाली आणि वेग ५ गिगाबिटवर गेला. २०१३ साली १० गिगाबिट आणि २०१७ साली २० गिगाबिटची सोय झाली. २०१९ च्या यूएसबी४ ने ४० गिगाबिट गाठले.

नावांचा घोळ मात्र वाढतच गेला. जिला आपण ३.० म्हणून ओळखत होतो तिचं नाव आधी '३.१ जेन १' झालं आणि मग '३.२ जेन १'. तिघींचाही वेग तोच, ५ गिगाबिट. त्यामुळे खोक्यावर ३.२ दिसलं म्हणजे वस्तू जास्त वेगवान असं समजू नये. खोक्यावर '५ जीबीपीएस', '१० जीबीपीएस' असा स्पष्ट आकडा शोधावा, नावावर जाऊ नये. ५ गिगाबिटच्या मार्गावर दर आठ बिटांमागे दहा बिट पाठवावे लागतात, म्हणून तिथली कागदी कमाल ५०० मेगाबाइट असते आणि चांगला एसएसडी चारशेच्या आसपास पोचतो.

पोर्ट, प्लग आणि केबल

यूएसबी २.० च्या प्लगमध्ये चार धातूच्या पट्ट्या असतात. ३.० मध्ये त्यांच्या मागे आणखी पाच असतात आणि जास्तीचा वेग याच पाचांतून येतो. त्या पाचांपैकी एखादीचा जरी संपर्क तुटला, तर ड्राइव्ह बंद पडत नाही. जुन्या चार पट्ट्यांवर गुपचूप २.० च्या वेगाने चालत राहतो. म्हणूनच हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही. कुठलीही सूचना उमटत नाही, फक्त वेळ जास्त लागतो.

संपर्क तुटण्याची कारणं घरगुती असतात. प्लग सावकाश सरकवत घातला तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि संगणक ड्राइव्हला २.० म्हणून ओळखून मोकळा होतो. तोच प्लग काढून एका दमात नीट आतपर्यंत बसवला की वेग परत येतो. पोर्टेबल हार्डडिस्कचं ते रुंद, दोन भागांचं तोंड वापराने सैल होतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात चार महिने हवेत ओल असते, त्यामुळे धातूवर थर चढतो. बंद उपकरणाच्या प्लगला कोरडा मऊ ब्रश फिरवणं आणि ड्राइव्ह सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवणं, या दोन सवयी इथे उपयोगी पडतात.

पुढची शंका केबलची. टाइप-सी तोंड सगळीकडे सारखं दिसतं, पण तोंडाच्या आकारावरून वेग कळत नाही. मोबाइलसोबत येणारी केबल बहुतेकदा चार्जिंगसाठी बनवलेली असते आणि तिच्यात वेगवान तारा नसतात. २०२३ साली आलेला आयफोन १५ टाइप-सी असूनही ४८० मेगाबिटवर चालतो. १५ प्रो १० गिगाबिटपर्यंत जातो, पण खोक्यातली केबल दोन्हींसोबत यूएसबी २.० चीच मिळते. म्हणून ड्राइव्हसोबत आलेली केबल त्या ड्राइव्हलाच राखून ठेवावी आणि तिला चिकटपट्टीने खूण करावी.

हबचाही विचार हवा. हबला चार तोंडं असली तरी संगणकाकडे जाणारी वाट एकच असते. कार्ड रीडर आणि डिस्क दोन्ही एकाच २.० च्या हबला लावले, तर येणारा आणि जाणारा डेटा त्याच वाटेवर भेटतो आणि वेग निम्मा होतो. शिवाय २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर वीज देतो आणि ३.० चा ९००. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या हबवर दोन हार्डडिस्क लावल्या की त्या मध्येच तुटतात, पुन्हा जोडल्या जातात आणि कॉपी धापा टाकत चालते.

एक अडथळा दूर झाला की पुढचा समोर येतो, हेही ध्यानात ठेवावं. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं. तरी भूगावातला अरुंद रस्ता होता तसाच राहिला आणि कोंडी तिथे सरकली. पिरंगुटला मागच्या पोर्टवर १२५ मिळाले ते याच कारणाने. नवा एसएसडी चारशे घ्यायला तयार होता, पण आतली फिरती हार्डडिस्क १२५ हून जास्त देऊ शकत नव्हती. तिथून पुढे केबल बदलण्यात अर्थ नव्हता.

ड्राइव्हच्या पोटात

सरळ रेघ ही आलेखाची पहिली आकृती. आता दुसरी पाहू. कॉपी दोनशेने सुरू होते, काही जीबी झपाट्याने जातात आणि मग वेग वीस किंवा पंधरावर कोसळतो आणि तिथेच राहतो. इथे पोर्ट निर्दोष असतो, कारण सुरुवातीचा वेग त्याच पोर्टातून मिळाला होता.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी यांत नँड फ्लॅश असते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या चमूने ती १९८७ साली मांडली. हिच्यात लिहिणं छोट्या पानांवर होतं, पण पुसणं मात्र पानांच्या मोठ्या गठ्ठ्यानेच होतं. त्यामुळे अर्ध्या भरलेल्या गठ्ठ्यात बदल करायचा तर चालू पानं दुसरीकडे हलवावी लागतात. स्वस्तात जास्त जागा देण्यासाठी आज एका पेशीत तीन किंवा चार बिट कोंबतात आणि असं लिहिणं हळू असतं. हा हळूपणा झाकायला ड्राइव्ह काही पेशी तात्पुरत्या एकेका बिटाने भरतो. ती जागा म्हणजे दारापुढची ओसरी. पाहुणे आले की आधी तिथे बसतात, आणि ओसरी भरली की एकेकाला आत घ्यायला वेळ लागतो. खोक्यावरचा 'पर्यंत' लावलेला आकडा ओसरीचा असतो. कमी किमतीच्या पेनड्राइव्हमध्ये ओसरी अगदी लहान असते किंवा नसतेच. वाचण्याचा वेग ठळक छापतात आणि लिहिण्याचा बहुतेकदा छापत नाहीत, तेही याचमुळे.

यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. मोठ्या कामाला एसएसडी घ्यावा, तो गळ्यापर्यंत भरू नये आणि मधून मधून त्याला विसावा द्यावा. छोट्या धातूच्या ड्राइव्हला हात लावून पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल, तर जिवाला जपण्यासाठी त्याने स्वतःच वेग कमी केलेला असतो.

फिरत्या हार्डडिस्कची चाल वेगळी. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त मिळतो आणि आत जाता जाता तो निम्म्यापर्यंत उतरतो, म्हणून भरत आलेली डिस्क हळू वाटते. पुष्कळ पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. अशा डिस्कवर मोठी कॉपी सुरळीत चालते, मग शून्याजवळ थबकते आणि पुन्हा उठते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत असल्याचं ग्राहकांना आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं आणि त्यावरून जगभर ओरड झाली. त्यानंतर कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे हे जाहीर करायला सुरुवात केली. खरेदीपूर्वी मॉडेल क्रमांक टाकून एवढं तपासता येतं.

कॅमेऱ्याच्या कार्डवरच्या खुणाही वाचाव्यात. क्लास १० आणि यू१ म्हणजे किमान १० मेगाबाइटची हमी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०. हा चित्रीकरणासाठीचा किमान लिहिण्याचा वेग आहे. कार्ड रिकामं करताना रीडरही तेवढा सक्षम हवा. उत्तम कार्ड २.० च्या रीडरमध्ये घातलं की पुन्हा पस्तीसच.

फाइली, फॉरमॅट आणि ऑपरेटिंग सिस्टिम

तिसरी आकृती करवतीसारखी असते, सतत वरखाली. अशा वेळी काय कॉपी होतंय ते पाहावं. ४ जीबीचा एक व्हिडिओ आणि ४ जीबीचे वीस हजार छोटे फोटो ही दोन वेगळी कामं आहेत. प्रत्येक फाइलमागे नाव नोंदवणं, जागा शोधणं आणि तारीख लिहिणं आलं. व्हॉट्सॲपचा फोल्डर रेंगाळतो तो याच नोंदींमुळे. त्या फोल्डरची आधी एक झिप फाइल करावी आणि ती एक फाइल न्यावी. फरक लगेच दिसतो.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून पाहतो, त्यामुळे छोट्या फाइलींवर त्याचाही भार पडतो. तो बंद करून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण बाहेरून आलेला पेनड्राइव्हच व्हायरस आणतो. हिंजवडीतल्या नोकरदारांनी आणखी एक लक्षात घ्यावं. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरच्या ड्राइव्हला बंदी, फक्त वाचण्याची मुभा किंवा सक्तीचं एन्क्रिप्शन असू शकतं. तो बिघाड समजू नये. तो कंपनीचा नियम असतो आणि त्याबद्दल आयटी विभागालाच विचारावं.

फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरायचा ड्राइव्ह असेल तर २००६ साली आलेला एक्सफॅट सोयीचा, फक्त विंडोजसाठी एनटीएफएस बरा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरचे ड्राइव्ह 'क्विक रिमूव्हल' धोरणावर असतात. ड्राइव्ह झटकन काढला तरी धोका कमी राहावा म्हणून लिहिणं साठवून ठेवत नाहीत. 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं तर वेग वाढू शकतो, पण मग ड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' चुकवून चालत नाही. लिनक्सवर उलटा अनुभव येतो. पट्टी क्षणात भरते आणि मग शेवटाला मिनिटंच्या मिनिटं अडते, कारण डेटा आधी मेमरीत गेलेला असतो आणि ड्राइव्हवर मागाहून उतरतो. तो उतरेपर्यंत हात लावू नये.

मोबाइल थेट केबलने जोडला की एमटीपी नावाच्या पद्धतीने देवघेव होते आणि फोल्डरची यादी उघडायलाच वेळ लागतो. फोटो पुष्कळ असतील तर फोनलाच टाइप-सी पेनड्राइव्ह लावून त्यावर काढणं बरं.

मंदपणा हाच इशारा असतो तेव्हा

चौथी आकृती ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. वेग शून्यावर येतो, अर्धा-एक मिनिट तिथेच राहतो, थोडा उठतो, पुन्हा शून्य. लिहितानाच नव्हे, तर वाचतानाही असंच होतं. ठरावीक फाइलपाशी गाडी दर वेळी अडते.

पौडच्या एका निवृत्त गुरुजींकडे अशी डिस्क होती. शाळेच्या सहलींचे आणि संमेलनांचे पंधरा वर्षांचे फोटो तिच्यात होते आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. "फॉरमॅट मारा, पळायला लागेल," असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी डिस्क माझ्या हातात दिली तेव्हा आतून बारीक टिक्‌टिक् येत होती. म्हटलं, "गुरुजी, फॉरमॅटचं नंतर बघू. आधी फोटो काढून घेऊ." डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पाहिलं, तर बदललेल्या आणि बदलण्याच्या वाटेवरच्या सेक्टरांचे आकडे पिवळ्या खुणेखाली होते. डिस्क खराब जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहत होती आणि त्यातच वेळ जात होता. अत्यंत मोलाचे फोल्डर आधी आणि बाकीचे नंतर, असं दोन दिवस चाललं. शेवटचे काही फोल्डर निघाले नाहीत. बाकी सगळं वाचलं. फॉरमॅट मारलं असतं तर त्या दुबळ्या डिस्कवर वाचवायला काही उरलंच नसतं. डेटा फारच मोलाचा आणि डिस्क टिकटिकणारी असेल, तर घरगुती प्रयत्नही न करता ती बंद करून डेटा रिकव्हरीच्या तज्ज्ञाकडे न्यावी, हे मी आज अधिक ठामपणे सांगेन.

याच प्रकारातला दुसरा धोका बनावट पेनड्राइव्हचा. काहीशे रुपयांत २ टीबी देऊ करणाऱ्या वस्तूत प्रत्यक्षात जागा थोडी असते आणि आतली चिप संगणकाला खोटा आकडा सांगते. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर चढतात किंवा नुसत्या हरवतात. वेग विलक्षण कमी असणं हे त्याचं पहिलं लक्षण. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधनं पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतात आणि खोटेपणा उघड करतात. तपासणी नव्या, रिकाम्या ड्राइव्हवरच करावी.

उपायांची छाननी

नेहमीचे सल्ले या कसोटीवर लावले की त्यांची जागा कळते. डीफ्रॅगमेंट फिरत्या डिस्कला कधी उपयोगी पडतं. फ्लॅशला त्याचा फायदा नाही, उलट झीज होते. फॉरमॅटने फाइल सिस्टिम बदलते, पेशींचा स्वभाव बदलत नाही. ड्रायव्हरचा दोष क्वचित असतो. नवा ड्राइव्ह घेण्याने तेव्हाच भागतं, जेव्हा जुना ड्राइव्हच कारण असतो, आणि पिरंगुटला तो नव्हता.

माझा क्रम असा आहे. दुसरी प्रत नसेल तर आधी ती करायची, मग शोध. त्यानंतर एकच मोठी फाइल घेऊन वेग पाहायचा आणि आलेखाची आकृती ओळखायची. मग पोर्ट, मग केबल, मग दुसरा संगणक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मॅकच्या सिस्टिम रिपोर्टमध्ये ड्राइव्ह कोणत्या वेगाने जोडला आहे ते थेट दिसतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काम होतं, पण कारण कळत नाही आणि पुढच्या खेपेला आपण पुन्हा तिथेच उभे राहतो.

हे सगळं सोपं करणारी एक सवय आहे. नवा ड्राइव्ह घरी आला की पहिल्याच दिवशी एक मोठी फाइल दोन्ही बाजूंनी नेऊन बघावी आणि तारीख व दोन आकडे चिठ्ठीवर लिहून ड्राइव्हला चिकटवावेत. अंगणवाडीत बाळाचं वजन मांडतात ते याचसाठी. पहिला आकडा हाताशी असला की नंतरची घट दिसते. पिरंगुटच्या मित्राच्या सगळ्या ड्राइव्हवर आता अशा चिठ्ठ्या आहेत. गुरुजींच्या फोटोंच्या दोन प्रती आहेत, एक पौडला आणि एक लेकीकडे कोथरूडला, आणि दोन्ही डिस्कवर त्यांच्या वळणदार अक्षरात पहिल्या दिवसाचा वेग लिहिलेला आहे.